घरचा जज्ज

बीच फोर्क, ४ मार्च

मिस्टी,

आधी पूर्ण वाच, मग फाडायचं तर फाड. अर्धं वाचून चिडायची तुझ्या बापाची खोड तुला लागलीय.

बुधवारची तारीख पुढे गेली हे तुझ्या वकिलाने तुला कळवलं असेलच. माझी कंबर धरलीय. कोर्टातल्या त्या लाकडी बाकावर मला बसवत नाही, म्हणून ओडेलने अर्ज केला. तो माझा वकील, त्याला मी सांगितलं, त्याने केला. एवढंच आहे. कोलंबसमध्ये बसून ‘आईने डाव टाकला’ म्हणून लगेच बोंब मारू नकोस.

ब्रिन्ली छान आहे. पुढचे दोन्ही दात पडले, आता शिट्टी वाजवल्यासारखी बोलते. शनिवारी तुझा फोन आला तेव्हा ती फर्न मावशीकडे गेली होती. दर शनिवारी ती बरोबर तेव्हाच तिथे कशी असते, असं तू विचारलंस. आता पोरीला मावसआजी आवडते त्याला मी काय करू?

आणि एक बातमी. फर्नचा वेंडेल फॅमिली कोर्टाच्या जज्जपदाला उभा राहिलाय. हो, आपला वेंडेल, तुझा मावसभाऊ, ज्याला तू लहानपणी कोंबड्यांच्या खुराड्यात कोंडलं होतंस. स्परलॉकबाईंच्या विरोधात. मे महिन्यात मतदान आहे. बाई सोळा वर्षं त्या खुर्चीत बसल्यात, आता पुरे झालं म्हणते मी.

वेंडेलला काय कमी आहे? खाणकामगाराचा पोरगा मॉर्गनटाउनला जाऊन वकील झाला, आणि बाकीचे शिकून पळतात तसा पळाला नाही, परत आला. निम्म्या गावाची मृत्युपत्रं त्याने स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून लिहिलीत. घटस्फोटात कोर्ट पोरांसाठी म्हणून वेगळा वकील नेमतं ना, ते काम त्याने वर्षानुवर्षं केलं. डोंगराच्या घळीतल्या शेवटच्या घरापर्यंत चिखल तुडवत जायचा, आणि पोराला पहिला प्रश्न विचारायचा, ‘तुझ्या कुत्र्याचं नाव काय?’ जज्ज असाच असावा.

नशेच्या गोळ्यांपासून लांब आहेस म्हणतेस. तसंच असू दे बाई.

आई

बीच फोर्क, २१ एप्रिल

मिस्टी,

काल अग्निबंबवाल्यांच्या हॉलमध्ये रानलसणाचं जेवण झालं. तुला वास आला असेल तिथपर्यंत! डुकराच्या चरबीत परतलेली लसणाची पात, बटाटे, घेवडा, मक्याची भाकरी. ब्रिन्लीने एवढी लसूण हाणली की उद्या तिच्या बाईंनी तिला वर्गाबाहेर बसवलं तर मी भांडायला जाणार नाही.

निवडणुकीचं वर्ष, त्यामुळे आख्ख्या जिल्ह्यातले उमेदवार ताट घेऊन फिरत होते. वेंडेल स्वतःचं नाव छापलेल्या नखं घासायच्या पट्ट्या वाटत होता. फर्न त्याच्या मागे मागे, ‘माझा मुलगा, बरं का, माझा मुलगा’. लोकांना माहीत नाही का? मला तर हसूच येत होतं.

मी घेवड्याचं भलंथोरलं पातेलं उचलून मुदपाकखान्यातून आणत होते, आणि नेमक्या स्परलॉकबाई समोर. ताट हातात, चष्मा नाकावर. म्हणतात, “व्हेस्टा, कंबर कशी आहे?”

मी म्हटलं, “येऊनजाऊन असते.”

“हं,” म्हणाल्या, आणि पातेल्याचा एक कान धरून माझ्याबरोबर टेबलापर्यंत आल्या. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. तर आता तुलाही कळलं की कंबर ठणठणीत आहे. सुखी हो.

मग खरं ते ऐक. त्या बाईसमोर मला तारीख नको होती. शेवटच्या तारखेला काय म्हणाल्या होत्या ते तुझ्याही कानांनी ऐकलंयस. ‘मिस्टी अशीच नीट राहिली तर वसंतात आपण वाटणी करू. शाळा आजीकडे, सुट्ट्या आईकडे, पुढे पोरगी रुळेल तसं वाढवू.’ वाटणी म्हणे! पोरगी आहे का शेताचा बांध? तीन वर्षांची होती, अंगात ताप, आणि तू तिला माझ्या ओसरीवर ठेवून गाडीतून खालीसुद्धा नीट उतरली नाहीस. चार वर्षं मी तिला वाढवली. ती माझी आहे. हे मी कोर्टात गोड शब्दांत सांगते, इथे सरळ सांगते.

जेवणं उरकल्यावर वेंडेल भांड्यांच्या मोरीपाशी एकटा सापडला. मी म्हटलं, “वेंडेल, ते ब्रिन्लीचं...”

त्याने हातच वर केला. “व्हेस्टा मावशी, त्याबद्दल माझ्याशी एक अक्षर बोलू नकोस. मला चालायचं नाही.”

एवढंच बोलला आणि पट्ट्या वाटायला गेला. मी मोरीपाशी उभी राहून मनातल्या मनात नाचले. तुझ्या बाबांची गोष्ट आठवते ना? आपल्या चढावर खडी टाकायची म्हणून ते रस्त्यांच्या साहेबाकडे गेले. साहेब म्हणाला, ‘ऑर्व्हिल, मला त्याबद्दल विचारूच नकोस.’ बाबा टोपी घालून मुकाट्याने घरी आले, आणि पुढच्याच आठवड्यात खडीचा ट्रक दारात. आपल्याकडे जो ‘हो हो, करतो’ म्हणतो तो कधीच करत नाही. ‘विचारू नकोस’ म्हणाला की काम झालं समजायचं. हे इथल्या शेंबड्या पोरालाही कळतं.

तेव्हा तू तुझी तयारी कर, मी माझी करते.

आई

बीच फोर्क, १६ मे

मिस्टी,

वेंडेल जिंकला.

थोडक्यात जिंकला, पण जिंकला. फर्न रडून रडून सुजली. कोर्टाच्या पायरीवर तिने सगळ्यांना केक वाटला, मलाही आधी न विचारता दोन तुकडे दिले.

मी काय कमी राबले? माझ्या अंगणात पाटी, चर्चच्या वळणावर पाटी, केस कापायच्या दुकानात जाऊन बसायची ते वेगळं. हे तुला कुणीतरी सांगेलच, म्हणून मीच सांगते. मी बायकांना म्हटलं की स्परलॉकबाई आज्यांकडून पोरं काढून घेतात. या जिल्ह्यात दर तिसऱ्या घरात एक आजी एखादं नातवंड सांभाळतेय, कारण तुझ्या वयाची सगळी पिढी तुझ्यासारखीच गोळ्यांनी खाल्ली. कुणाच्या काळजात धस्स झालं नसेल? खोटं नाही बोलले. त्या माझ्याकडून काढायलाच निघाल्या होत्या ना, मग?

निकालाच्या दुसऱ्या दिवशी बाई किराण्याच्या दुकानात भेटल्या. मी वाट बदलणार होते, पण त्यांनीच हात पुढे केला. म्हणाल्या, “पोरीची काळजी घ्या, व्हेस्टा.” टोमणा होता की काय कोण जाणे. चेहऱ्यावरून तरी वाटला नाही. मला त्यांचा रागच आला.

ब्रिन्लीला मांडीवर घेऊन सांगितलं, वेंडेल मामा आता जज्ज झाला, आता तुला कुणी कुठे नेत नाही. ती म्हणाली, “म्हणजे मामा सगळ्यांचा साहेब?” मी म्हटलं, “या बाबतीत, हो.” त्या दिवसापासून पोरगी वर्गात सांगत सुटलीय.

आई

बीच फोर्क, ९ ऑक्टोबर

मिस्टी,

तुझं पत्र मिळालं. इतक्या वर्षांत पहिलं. अक्षर अजून तसंच आहे, शेवटच्या ओळी कागदाबाहेर पळतात.

तू लिहितेस, ‘आई, भांडायला नको. स्परलॉकबाई वर्षअखेरपर्यंत खुर्चीत आहेत. त्या म्हणाल्या होत्या तसंच लिहून देऊ, शाळा तुझ्याकडे, सुट्ट्या माझ्याकडे. त्या आपल्याला दोघींनाही ओळखतात. नवीन माणसापुढे मला पुन्हा पहिल्यापासून सगळं सांगायचं नाही.’

ओडेलही हेच म्हणतो. माझं पोट दुखेपर्यंत बडबडला तो. “व्हेस्टा, याहून चांगलं मिळायचं नाही. सही करून टाका.” मी त्याला म्हटलं, “तू माझा वकील आहेस की तिचा?” तो म्हणाला, “जानेवारीत काय होईल याची मला खात्री नाही.” मी म्हटलं, “मला आहे.” तो पेन खाली ठेवून म्हणाला, “वेंडेल तुम्हाला काही बोललाय का?” मी म्हटलं, “एक अक्षर नाही.” आणि हसले. त्याने कपाळावर हात मारला. तो मूळचा इथला नाही, त्याला काय कळणार!

तर माझं उत्तर नाही असं आहे. अर्धी पोरगी घेऊन मी काय करू? सुट्टीत ती तुझ्याकडे जाणार, तिथे तळं, सिनेमा, नवे कपडे, आणि परत येऊन माझ्या घळीत तोंड पाडून बसणार. एक वर्ष बसेल, दोन वर्षं बसेल, मग एक दिवस म्हणेल, मी आईकडेच राहते. तुला काय वाटलं, मला हे दिसत नाही?

पत्रात तू लिहिलंस की बेकरीतल्या नोकरीत बढती मिळाली आणि तू रोज सकाळी लवकर उठतेस. तू, आणि लवकर उठतेस! ते वाचून मी थोडा वेळ कागद खाली ठेवला होता. असो.

जानेवारीत भेटू.

आई

बीच फोर्क, २२ जानेवारी

मिस्टी,

तू तिथेच होतीस, सगळं बघितलंस. पण मागाहून काय झालं ते तुला माहीत नाही, आणि कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. फर्नशी मी बोलत नाही. उरलीस तू.

वेंडेल काळा झगा घालून आत आला तेव्हा मला तुझ्या बाबांची आठवण झाली, त्यांनी हा दिवस बघायला हवा होता असं वाटलं. तो बसला. फाईल उघडली. आपल्या दोघींकडे बघितलंही नाही. “दोन्ही पक्ष माझे जवळचे नातेवाईक आहेत, आणि एका पक्षाने माझ्या प्रचाराचं काम केलंय. मी हे प्रकरण ऐकू शकत नाही. बाहेरच्या जिल्ह्यातले जज्ज नेमले जातील.” आणि फाईल मिटली. झालं! माझी कॉफी अजून गरम होती.

तू तुझ्या वकिलाबरोबर निघून गेलीस. मी त्याच्या खोलीपाशी जाऊन थांबले. शिपाई आत सोडेना. शेवटी वेंडेलच बाहेर आला, झगा काढून, साध्या सदऱ्यात. अगदी फर्नचा पोरगा दिसत होता.

मी म्हटलं, “अरे, हे काय केलंस तू?”

“मावशी, मी तुला एप्रिलमध्येच सांगितलं होतं. माझ्याशी या केसबद्दल बोलू नकोस म्हणून.”

“हो, म्हणूनच तर! तसं म्हणतात ते हो म्हणायलाच ना?”

तो बघतच राहिला माझ्याकडे. मिस्टी, त्याला खरंच कळलं नव्हतं. मग हळूहळू कळलं, आणि त्याचा चेहरा पडला. “मावशी, म्हणून तू ऑक्टोबरमध्ये सही केली नाहीस?”

मी मान हलवली.

“मला वाटलं तुला माहीत आहे,” तो म्हणाला. “मला वाटलं, मी निवडून आलो तर तुझी केस माझ्याकडे येणारच नाही, हे ओडेलने तुला सांगितलं असेल.”

सांगितलं होतं ग त्याने. दोनदा सांगितलं होतं. मी समजले, वकिलांची भाषा आहे. तो भिंतीला टेकून उभा राहिला, डोळ्यांत पाणी. म्हणाला, “स्परलॉकबाईंना काही नातं नव्हतं. त्या ऐकू शकत होत्या.” मग आतून कुणीतरी हाक मारली आणि त्याला जावं लागलं. पुढची केस उभी होती.

तेल गेलं, तूप गेलं, हाती धुपाटणं आलं. ते सुद्धा मीच घरोघर फिरून आणलं.

मिस्टी, आता सही करते मी. तू म्हणाली होतीस तसंच. शाळा, सुट्ट्या, तू म्हणशील ते. ओडेलकडून कागद पाठवते. तू फक्त हो म्हण.

आई

बीच फोर्क, १८ मार्च

मिस्टी,

कागद न उघडता परत आले. तुझ्या वकिलाने कळवलं की आता कोर्टच ठरवेल. तुझ्या जागी मी असते तर मीही हेच केलं असतं. हे मी खोटं खोटं मोठेपण दाखवायला लिहीत नाही, तू माझीच पोर आहेस.

उत्तरेकडून आलेला तो जज्ज, होल्डरमन. रागावला असता तर बरं झालं असतं, पण माणूस किती सभ्य! मला ‘मॅडम’ म्हणत होता. आपली घळ कधी बघितली नाही, ब्रिन्लीशी बोलला तो खोलीचं दार लावून, खालच्या आवाजात, चांगलाच बोलला असेल. त्याच्यापुढे सगळे कागद नीट लावलेले होते. आई दोन वर्षांहून जास्त काळ गोळ्यांपासून लांब, नोकरी, घर, शाळा जवळ. आजीने मागितलेल्या तारखा, एकामागून एक. तडजोडीला आजीचा नकार. त्याने ते वाचून दाखवलं तेव्हा आवाजसुद्धा चढवला नाही.

“आजीचं प्रेम कुणी नाकारत नाही, मॅडम,” म्हणाला. “पण सक्षम आईचा हक्क पहिला.” आणि भेटीगाठी आईच्या मर्जीने. ओडेलने उठून सांगायचा प्रयत्न केला की आधीच्या जज्ज बाईंनी वाटणी सुचवली होती. तो म्हणाला, “तसा हुकूम मला कुठे दिसत नाही.” कसा दिसेल? मी होऊच दिला नाही.

कोर्टाबाहेर लोक उभे होते, आपलेच. केस कापायच्या दुकानातल्या दोघीतिघी. एकीने माझा हात धरला आणि म्हणाली, “आज्यांकडून पोरं काढणारी गेली म्हणून आम्ही वेंडेलला मत दिलं, आणि हे काय ग झालं?” मला तोंड वर करवेना.

शनिवारी तू येशील तेव्हा मी ओसरीवर बसून असेन. भांडणार नाही. तिचे कपडे धुऊन ठेवलेत. तिला दुधात साखर लागते, पण तू घालू नकोस, सवय मोडायची आहे. झोपताना उजव्या कुशीवर. वादळ झालं तर येऊन बिलगते, तेव्हा दार उघडं ठेव.

आई

बीच फोर्क, २७ एप्रिल

मिस्टी,

पाच आठवडे तू मला तिच्याशी बोलू दिलं नाहीस. मी दर शनिवारी फोन करते. ती कुणाच्या तरी घरी गेलेली असते. मी तक्रार करत नाही, कुठल्या तोंडाने करू?

हे पत्र वेगळ्याच कारणासाठी आहे. तिच्यावर रागावणार नाहीस एवढं आधी कबूल कर, मग पुढे वाच.

काल तिने मला फोन केला. तुझ्याच फोनवरून. तू भांडी घासत असावीस, मागे पाण्याचा आवाज येत होता. अगदी हळू बोलत होती. आधी बेकरीतला दालचिनीचा पाव आवडतो म्हणाली, नवीन बाई चांगल्या आहेत म्हणाली, तू तिचे केस छान विंचरतेस, ओढत नाहीस, असंही म्हणाली. मी ऐकत होते. खरंच बरं वाटलं ग मला, तुला खरं वाटो न वाटो.

मग म्हणाली, “आजी, वेंडेल मामा अजून जज्ज आहे ना?”

मी म्हटलं, “आहे.”

“मग त्याला सांग ना, मला घरी आणायला. तू त्याला सांगायला विसरलीस का?”

काय बोलायचं सांग? मामाला अधिकार नाही, म्हणू? ज्या बाईंना अधिकार होता त्यांना आजीने घालवलं, म्हणू? की तुझी आई हो म्हणाली होती आणि आजीच नाही म्हणाली? आठ वर्षांच्या पोरीला यातलं कुठलं सांगतात?

“आजी, तू आहेस ना?”

मी म्हटलं, “आहे, बाळा. सांगते हं त्याला.”

हो, खोटं बोलले. पुन्हा एकदा. ती इतकी खूश झाली की तिचा आवाज मोठा झाला आणि मग स्वतःच दचकून पुन्हा हळू झाली. म्हणाली, “मग मी माझी बॅग भरून ठेवते,” आणि फोन ठेवला.

तिच्या पलंगाखाली बघ, बॅग भरलेली असेल. ओरडू नकोस. काढायची असेल तर ती शाळेत गेल्यावर काढ, तिच्यासमोर नको. आणि तिला काय सांगायचं ते तूच ठरव, मिस्टी. मला आता काही सुचत नाही.

आई